थकलेल्या कार्डाची वसुली: काय खरे, काय खोटे

रात्रीचे सव्वाआठ. ताटे मांडलेली असतानाच फोन वाजतो. "तीन वर्षांपूर्वीचे क्रेडिट कार्डाचे 40 हजार आता 1 लाख 38 हजार झालेत. उद्या सकाळपर्यंत भरा, नाहीतर पोलीस दारात येतील. निदान 500 तरी टाका आणि बाकीचे भरतो म्हणून सही करून द्या."

नोकरी गेली, घरात आजारपण आले, धंदा बसला, अशा एखाद्या कारणाने कार्डाचे पैसे थांबलेल्या घरांना हा फोन ओळखीचा आहे. घाबरलेला माणूस हाताशी असतील ते पैसे पाठवून मोकळा होतो, नाहीतर नंबर ब्लॉक करून विषय संपला असे समजतो. दोन्ही वाटा महागात पडतात. कारण या फोनमधली पोलिसांची धमकी पोकळ आहे, व्याजाचा आकडा खरा असू शकतो आणि खरा धोका शेवटच्या वाक्यात, त्या सहीत आहे.

गैरसमज: पैसे भरले नाहीत तर अटक होते.

वस्तुस्थिती: पैसे नसल्यामुळे कार्डाचे बिल थकणे ही दिवाणी बाब आहे. बँक दावा लावू शकते. फोनवरच्या माणसाच्या सांगण्यावरून पोलीस उचलून नेऊ शकत नाहीत. खोटी कागदपत्रे देऊन कार्ड काढले असेल किंवा थकबाकीपोटी दिलेला धनादेश वटला नसेल, तर फौजदारी कारवाई होऊ शकते. म्हणून खात्यात पैसे नसताना दडपणाखाली पुढच्या तारखेचा धनादेश कधीही देऊ नये. तो वटला नाही, की दिवाणी मामला फौजदारीकडे वळू शकतो.

दावा हरल्यावरही तुरुंगाची वाट सरळ नाही. 1980 मध्ये जॉली जॉर्ज वर्गीस विरुद्ध बँक ऑफ कोचीन या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाच्या न्या. कृष्ण अय्यर यांच्या खंडपीठाने स्पष्ट केले, की केवळ फेडता येत नाही एवढ्यावरून ऋणकोला कैदेत टाकता येणार नाही. ऐपत असून बुडवण्याची वृत्ती दिसली पाहिजे.

गैरसमज: वसुलीवाला केव्हाही, कुणालाही फोन करू शकतो.

वस्तुस्थिती: रिझर्व्ह बँकेने 12 ऑगस्ट 2022 च्या परिपत्रकात वेळ ठरवून दिली आहे: सकाळी 8 ते संध्याकाळी 7. म्हणजे सव्वाआठचा तो फोनच नियमाबाहेरचा. धमकावणे, चारचौघांत अपमान करणे, नातेवाइकांना आणि मित्रांना त्रास देणे, मोबाइलवर अश्लाघ्य संदेश पाठवणे, हे सारे निषिद्ध आहे. एजंट बाहेरच्या संस्थेचा असला तरी त्याच्या वागण्याची जबाबदारी बँकेचीच. दारात आलेल्याकडे ओळखपत्र आणि बँकेचे अधिकारपत्र मागावे. फोनची तारीख, वेळ आणि नंबर वहीत टिपून बँकेकडे लेखी तक्रार करावी. 30 दिवसांत उत्तर आले नाही किंवा उत्तराने समाधान झाले नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे विनाशुल्क दाद मागता येते.

गैरसमज: तीन वर्षे गेली, कर्ज संपले.

वस्तुस्थिती: सर्वांत जास्त गोंधळ इथे आहे, म्हणून जरा थांबून पाहू.

मुदत कायदा, 1963 प्रमाणे अशा विनातारण रकमेसाठी दावा लावायला तीन वर्षे मिळतात. त्यानंतर लावलेला दावा न्यायालयाने फेटाळायचा असतो, प्रतिवादीने मुदतीचा मुद्दा काढला नसला तरी. पण त्यामुळे जातो तो दाव्याचा मार्ग. देणे मात्र उरते. बँक रीतसर पत्र पाठवू शकते, पैसे मागू शकते. दावा मुदतीत लागला आणि हुकूमनामा झाला, तर त्याच्या अंमलबजावणीसाठी पुढे 12 वर्षे असतात.

शिवाय ही तीन वर्षे पुन्हा पहिल्यापासून सुरू होऊ शकतात. मुदत संपण्याआधी देणे असल्याची सही केलेली लेखी कबुली दिली, किंवा थोडी रक्कम भरली आणि त्या भरण्याची नोंद ऋणकोच्या हस्ताक्षरात किंवा सहीनिशी झाली, की त्या दिवसापासून नवी तीन वर्षे धरली जातात. न्यायालयांनी ई-मेललाही अशी कबुली मानल्याची उदाहरणे आहेत. मुदत उलटून गेल्यावर नुसती रक्कम भरून ती परत जिवंत होत नाही. पण 'मी हे जुने देणे फेडीन' असे सही करून लिहून दिले, तर 1872 च्या करार कायद्यातील कलम 25 नुसार तो नवा, बंधनकारक करार ठरतो. "500 टाका आणि सही करा" या साध्या वाटणाऱ्या मागणीचे वजन एवढे मोठे आहे.

कोरोनाकाळातल्या थकबाकीचा हिशेब आणखी वेगळा. 15 मार्च 2020 ते 28 फेब्रुवारी 2022 हा काळ सर्वोच्च न्यायालयाने मुदतीच्या गणनेतून वगळला आहे. त्या सुमारास थकलेल्या कार्डाची तीन वर्षे बोटांवर मोजून भागत नाही.

गैरसमज: 30 टक्क्यांपेक्षा जास्त व्याज बेकायदा आहे.

वस्तुस्थिती: 'आवाज' या ग्राहक संघटनेच्या तक्रारीवर राष्ट्रीय ग्राहक आयोगाने 2008 मध्ये तसा निकाल दिला होता. 20 डिसेंबर 2024 रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो रद्द केला. महिना साडेतीन टक्के चक्रवाढीने 40 हजारांचे दोन वर्षांत सुमारे 91 हजार आणि तीन वर्षांत 1 लाख 38 हजार होतात. व्याजावरचा 18 टक्के जीएसटी आणि विलंब शुल्क वेगळेच. म्हणून आकडा ऐकून हबकण्याऐवजी मुद्दल, व्याज आणि शुल्क यांची फोड लेखी मागावी. तडजोडीची घासाघीस याच फोडीवर होते.

गैरसमज: बँकेने 'राइट-ऑफ' केले म्हणजे माफ केले.

वस्तुस्थिती: राइट-ऑफ ही बँकेच्या हिशेबाच्या वहीतली नोंद. वसुलीचा हक्क शाबूत राहतो. ते कर्ज बँक मालमत्ता पुनर्रचना कंपनीला विकूही शकते. नव्या धन्याचे पत्र आले, तर कर्ज खरोखर हस्तांतरित झाले का, हे आधी मूळ बँकेकडून लेखी खात्री करून घ्यावे.

गैरसमज: सेटलमेंट केली की सिबिल स्वच्छ.

वस्तुस्थिती: कमी रकमेत मिटवलेल्या खात्यापुढे 'सेटल्ड' असा शेरा लागतो आणि पुढचा कर्जदाता तो वाचतो. पूर्ण भरलेले खाते 'क्लोज्ड' दिसते. तरीही पूर्ण भरण्याची ऐपत नसेल, तर रखडत ठेवण्यापेक्षा तडजोड बरी. फक्त ती कागदावर हवी: बँकेच्या लेटरहेडवर कार्डाचा क्रमांक, ठरलेली रक्कम, शेवटची तारीख आणि उरलेले देणे राहणार नाही अशी स्पष्ट ओळ. पैसे बँकेच्या खात्यातच भरावेत, एजंटच्या यूपीआयवर नव्हे. नंतर 'नो ड्यूज' प्रमाणपत्र घ्यावे. ट्रान्सयुनियन सिबिल, एक्सपेरियन, इक्विफॅक्स आणि सीआरआयएफ हाय मार्क या चारही पतमाहिती कंपन्यांकडून वर्षातून एकदा संपूर्ण अहवाल मोफत मिळतो. त्यात नोंद बदलली का ते पाहावे. चूक दुरुस्त करण्याच्या तक्रारीला 30 दिवसांहून अधिक लागले, तर दिवसाला 100 रुपये भरपाईची तरतूद आहे.

गैरसमज: कोर्टाचा कागद घेतलाच नाही, तर काही होत नाही.

वस्तुस्थिती: उलट, बिघडते ते इथेच. समन्स टाळले तर दावा एकतर्फी चालतो, आणि मुदतबाह्यतेसारखा भक्कम मुद्दा मांडायला कुणीच हजर नसते. लवादाच्या नोटिशीलाही उत्तर द्यावे, कारण लवादाच्या निवाड्याची अंमलबजावणी हुकूमनाम्यासारखीच होते. लोकअदालतीची दाखलपूर्व नोटीस मात्र वॉरंट नव्हे. ते तडजोडीचे बोलावणे आहे. जाऊन बोलावे, आवाक्यातली रक्कम सांगावी. पण तिथे झालेल्या तडजोडीला हुकूमनाम्याचे बळ असते, म्हणून पाळता येईल तेवढ्याच आकड्यावर सही करावी.

गैरसमज: बापाचे कार्ड, पोराने भरायचे.

वस्तुस्थिती: कार्डधारक गेल्यावर देणे त्याच्या मागे राहिलेल्या मालमत्तेतून वसूल होते. वारसाची जबाबदारी वारशाने मिळालेल्या मालमत्तेपुरतीच. त्याच्या स्वतःच्या कमाईवर बँकेचा हक्क पोहोचत नाही.

असा फोन आला तर तिथल्या तिथे कबुली देऊ नका, पैसे पाठवू नका. सगळे लेखी मागवा. शेवटचे पैसे कधी भरले, ती तारीख जुन्या स्टेटमेंटमध्ये शोधा आणि तो कागद घेऊन वकिलाकडे जा. फी परवडत नसेल, तर जिल्हा न्यायालयाच्या आवारात जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचे कार्यालय असते. तिथे सल्ला मोफत मिळतो.