सरकत्या सीमेचे गणित

ध्रुवीय समुद्रावर धरलेला बर्फाचा थर खालच्या बाजूने वाढत जातो आणि बर्फ व पाणी यांच्यातील सीमा हळूहळू खाली सरकते. ती कोठवर जाईल हे काढण्यासाठी बर्फातून वर निघून जाणारी उष्णता मोजावी लागते, पण ती मोजायची तर सीमा कोठे आहे हे आधी ठाऊक असावे लागते. उत्तराचाच एक भाग प्रश्नात दडलेला असल्यामुळे ‘सरकत्या सीमेचे’ प्रश्न गणितात अवघड मानले जातात.

व्हिएन्नातील पदार्थवैज्ञानिक योझेफ श्टेफान यांनी १८८९ च्या सुमारास ध्रुवीय मोहिमांच्या नोंदींच्या आधारे हा प्रश्न हाताळला. एक किलोग्रॅम पाणी गोठताना सुमारे ३३४ किलोज्यूल सुप्त उष्णता बाहेर पडते आणि ती वर तयार झालेल्या बर्फातूनच निघून जाऊ शकते. साहजिकच थर जसजसा जाड होतो तसतशी त्याची वाढ मंदावते. वरचे तापमान स्थिर राहिले, तर जाडी काळाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढते, म्हणजे दुप्पट जाडीसाठी चौपट वेळ लागतो. लामे आणि क्लापेरॉन यांनी १८३१ मध्येच अशा प्रश्नाला हात घातला होता, तरी नाव रूढ झाले ते श्टेफान यांचेच.

सपाट थरापुरते हे सूत्र पुरते. फुटणारी लाट, पसरणारी ज्योत किंवा नळीतून सुटणारा थेंब यांच्या वेड्यावाकड्या सीमांसाठी मात्र संगणकाला शरण जावे लागते. सीमेवर ओळीने खुणेचे बिंदू ठेवून प्रत्येकाला त्याच्या वेगाने पुढे नेणे हा त्यातला सरळ मार्ग होय. तो अचूक असला, तरी काही बिंदू एकमेकांजवळ दाटतात, काही दूर पांगतात, आणि दोन सीमा एकमेकींना भिडल्या की कोणते बिंदू काढायचे व कोणते जोडायचे याचा निवाडा वेगळा करावा लागतो.

स्टॅनली ओशर आणि जेम्स सेथियन यांनी १९८८ मध्ये मांडलेल्या ‘लेव्हल सेट’ पद्धतीने ही अडचण निराळ्या वाटेने सोडवली. या पद्धतीत रेषेचा पाठलाग करण्याऐवजी संपूर्ण प्रदेशातील प्रत्येक बिंदूला एक संख्या दिली जाते. सामान्यतः ती त्या बिंदूचे सीमेपासूनचे अंतर असते, सीमेच्या बाहेर धन आणि आत ऋण, त्यामुळे जेथे ही संख्या शून्य तेथे सीमा. समजा, ६ सेंटिमीटर अंतरावरील दोन केंद्रांभोवती प्रत्येकी १ सेंटिमीटर त्रिज्येची दोन ज्योतवर्तुळे सेकंदाला १ सेंटिमीटर वेगाने पसरत आहेत. मधोमध असलेल्या बिंदूची संख्या आरंभी २ असते, दोन सेकंदांनी ती शून्य होते, म्हणजे वर्तुळे तेथे भिडतात, आणि तिसऱ्या सेकंदाअखेर ती उणे १ होते. दोन सीमांची एक सीमा झाली, पण गणिताला ते वेगळे सांगावे लागले नाही. संख्या तेवढ्या बदलत गेल्या.

या सोयीची किंमतही मोजावी लागते. संगणकाची जाळी विरळ असेल तर आकडेमोडीतील बारीक चुका साठत जातात, द्रवाचे आकारमान नकळत घटते आणि लहानसा थेंब चक्क नाहीसा होतो. हर्ट आणि निकोल्स यांची १९८१ मधील ‘व्हॉल्यूम ऑफ फ्लुइड’ पद्धत जाळीच्या प्रत्येक चौकोनात द्रवाचा वाटा किती, शून्य ते एक यांमधला, एवढेच नोंदवते. तिच्यात आकारमान चांगले जपले जाते, पण सीमेची वक्रता, म्हणजे ती किती वळलेली आहे, हे काढणे अवघड जाते. आणि पृष्ठताणामुळे थेंबाच्या आत वाढणारा दाब तर वक्रतेवरच ठरतो. म्हणून पुढे दोन्ही पद्धतींची सांगड घालण्याचे, तसेच लेव्हल सेटला खुणेच्या कणांची जोड देण्याचे प्रयत्न झाले.

हेच गणित आज वैद्यकीय प्रतिमेतील अवयवाची कड शोधण्यासाठी आणि चित्रपटातील कृत्रिम पाणी घडवण्यासाठीही वापरले जाते. ओशर यांना २०१४ मध्ये उपयोजित गणितातील कार्याबद्दल गाउस पारितोषिक मिळाले. तथापि कोणतीही एक पद्धत सर्वश्रेष्ठ ठरलेली नाही. सीमा तुटत-जुळत असतील तर लेव्हल सेट, द्रवाचा थेंबन्‌थेंब हिशेबात राहायला हवा असेल तर आकारमानाची पद्धत, आणि आकाराची बारीक अचूकता हवी असेल तर खुणेचे बिंदू, अशी निवड करावी लागते. काय गमावले तर चालणार नाही हे आधी ठरवणे, हाच या क्षेत्रातील पहिला निर्णय असतो.