धूर जाळणारी चूल

एक मेणबत्ती पेटवा. ज्योत स्थिर झाली की हलकेच फुंकर मारून ती विझवा. वातीपासून पांढऱ्या धुराची एक रेघ वर जाताना दिसेल. पेटती काडी चटकन त्या रेघेत, वातीच्या दोन-तीन सेंटिमीटर वर धरा. काय होते? ज्योत धुराच्या रेघेवरून खाली उडी घेते आणि वात पुन्हा पेटते! काडी तर वातीला लागलेलीही नसते. मायकेल फॅरेडे यांनी १८६०-६१ च्या नाताळात लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये मुलांसाठी मेणबत्तीवर व्याख्याने दिली. त्यांत हा प्रयोग त्यांनी करून दाखवला होता.

यावरून एक गोष्ट सिद्ध होते. धूर जळू शकतो. म्हणजेच धूर हे जळायचे राहून गेलेले इंधन आहे. चूल कशी निवडावी, या प्रश्नाचे अर्धे उत्तर या छोट्या प्रयोगात आहे. उरलेले अर्धे मला माझ्या आईने शिकवले. ते कसे, ते आता सांगतो.

माझी फसलेली चूल

सातारा जिल्ह्यातील आमच्या गावच्या घरी गॅस आहे. तरी भाकऱ्या, आंघोळीचे पाणी आणि सणावाराचा स्वयंपाक चुलीवरच होतो. शेतातल्या तुराट्या आणि बांधावरच्या बाभळीचे सरपण फुकट मिळते; सिलिंडर फुकट मिळत नाही. तुमच्यापैकी अनेकांच्या घरीही असेच असेल.

काही वर्षांपूर्वी मी आईसाठी एक 'शास्त्रीय' चूल बांधली. पदार्थविज्ञान शिकवणारा माणूस. तेव्हा उष्णता वाया जाऊ द्यायची नाही, हा माझा निश्चय! वीतभर जाडीच्या मातीच्या भिंती घातल्या, सरपण सारायचे तोंड लहान ठेवले आणि भांडे जाळाच्या अगदी जवळ बसेल अशी रचना केली. मग आठ दिवस रोज सरपण तराजूत तोलले. पूर्वीच्या तीन सुट्ट्या विटांच्या चुलीपेक्षा ते स्पष्टपणे कमी लागत होते. मी खूश झालो. आई मात्र पदराने डोळे पुसत म्हणाली, "लाकूड वाचलं रे बाबा, पण डोळ्यांचं काय?"

सरपण कमी जळत होते आणि धूर मात्र वाढला होता! हे कसे शक्य आहे? आधी मला ते पटेचना. पण स्वयंपाकघराची भिंत पूर्वीपेक्षा लवकर काळी होत होती, आणि भिंत खोटे बोलत नाही.

लाकूड जळते म्हणजे काय होते?

लाकूड तापू लागले की प्रथम त्यातील पाण्याची वाफ होते. तापमान २५० ते ३०० अंश सेल्सिअसच्या पुढे गेले की लाकडाचे विघटन होऊन ज्वलनशील वायू आणि डांबरासारख्या पदार्थांच्या वाफा बाहेर पडतात. कोरड्या लाकडाच्या वजनाचा सुमारे तीन-चतुर्थांश भाग असा निघून जातो आणि मागे कोळसा उरतो. आपण ज्याला जाळ म्हणतो तो या वायूंचा व वाफांचा जाळ असतो.

हे वायू पूर्ण जळण्यासाठी तीन गोष्टी लागतात : सुमारे ६०० अंशांहून अधिक तापमान, पुरेशी हवा, आणि दोन्ही एकमेकांत मिसळायला थोडा वेळ. यांपैकी एक जरी कमी पडली तरी वायू न जळताच निसटतात, थंड होतात आणि त्यांचा धूर होतो. कार्बनचा काही भाग अर्धवट जळून कार्बन मोनॉक्साइड बनतो. त्याला रंग नाही, वास नाही. पण तो रक्तातील हिमोग्लोबिनला ऑक्सिजनच्या दोनशेपटींहून अधिक ओढीने चिकटतो. लालबुंद निखाऱ्यांतून धूर दिसत नसला तरी हा वायू निघतच असतो. म्हणून थंडीत पेटती शेगडी बंद खोलीत ठेवून कधीही झोपू नये.

आता पेटत्या मेणबत्तीच्या ज्योतीत थंड चमचा धरून पाहा. लगेच त्यावर काजळी धरते. चमच्याने ज्योत थंड केली, म्हणून कार्बनचे कण जळायचे राहिले. पूर्वी घरोघरी दिव्यावर ताटली धरून काजळ करीत, ते याच तत्त्वावर. माझ्या चुलीत मी नेमके हेच केले होते. शंभर अंशांचे भांडे ज्योतीच्या पोटात घालून मी रोज काजळ धरीत होतो! शिवाय तोंड अरुंद केल्यामुळे हवाही कमी पडत होती.

दोन कार्यक्षमता

चुलीची दोन कामे आहेत. पहिले, लाकडातील ऊर्जा जाळून मोकळी करणे. दुसरे, ती भांड्यात पोहोचवणे. पहिलीला ज्वलनाची कार्यक्षमता म्हणू आणि दुसरीला उष्णता पोहोचवण्याची. या दोहोंचा गुणाकार म्हणजे चुलीची एकूण कार्यक्षमता. सरपण किती लागेल हे गुणाकारावर ठरते, पण धूर किती होईल हे मुख्यतः पहिलीवर ठरते.

एक उदाहरण सोडवू. समजा, एका वेळच्या स्वयंपाकाला भांड्यात ३ मेगाज्यूल उष्णता जायला हवी. समजा, उघड्या चुलीत ९५ टक्के ज्वलन होते, पण मोकळ्या झालेल्या उष्णतेपैकी फक्त १६ टक्के भांड्याला मिळते. एकूण कार्यक्षमता सुमारे १५ टक्के. म्हणजे २० मेगाज्यूलचे लाकूड लागेल आणि त्यातील ५ टक्के, म्हणजे १ मेगाज्यूल, न जळता जाईल. आता माझ्यासारख्याची 'सुधारलेली' चूल घ्या. ज्वलन ८८ टक्के, पण भांड्याला मिळणारा वाटा २८ टक्के. एकूण कार्यक्षमता सुमारे २५ टक्के. लाकूड फक्त १२ मेगाज्यूलचे. पण त्याचे १२ टक्के म्हणजे जवळजवळ दीड मेगाज्यूल न जळता जाईल. सरपण चाळीस टक्के वाचले आणि धूर दीडपट झाला!

तराजूला हा फरक कळत नाही, डोळ्यांना कळतो. आईची तक्रार गणिताने बरोबर ठरली.

धुरांडे काय करते?

तुम्ही म्हणाल, धुरांडे बसवा की! आपल्याकडे हा विचार जुना आहे. वर्ध्याच्या मगनवाडीची मगन चूल, हैदराबादच्या एस. पी. राजू यांनी १९५० च्या दशकात पुढे आणलेली निर्धूर चूल ही त्याची उदाहरणे. १९८० च्या दशकात सुधारित चुलींचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला. २००२ मध्ये तो थांबेपर्यंत देशात तीन कोटींहून अधिक चुली बसवल्या गेल्या.

धुरांड्यातील तप्त वायू बाहेरच्या हवेपेक्षा हलके असतात. ते वर चढतात आणि त्यांची जागा घ्यायला चुलीच्या तोंडातून ताजी हवा ओढली जाते. धुरांडे उंच आणि मोकळे असेल तर ही ओढ चांगली असते. पण लक्षात ठेवा, धुरांडे धूर बाहेर नेते. तो जाळत नाही. ते कौलांखालीच संपले किंवा शेजारच्या खिडकीसमोर उघडले, तर धूर फिरून घरातच येतो. शिवाय आत काजळी साचली की ओढ मंदावते. ओडिशातील खेड्यांत धुरांड्याच्या चुली वाटून संशोधकांनी काही वर्षे निरीक्षण केले; ते २०१६ साली प्रसिद्ध झाले. पहिल्या वर्षी श्वासावाटे जाणारा धूर कमी झाला, पण पुढे हा फायदा टिकला नाही. लोकांनी चुली नियमित वापरल्या नाहीत आणि त्यांची निगाही राखली नाही.

चूल निवडताना काय पाहावे?

१. जळण्याची जागा. ती लहान असावी आणि तिचे अस्तर उष्णता रोखणारे असावे. येथे माझी दुसरी चूक सांगतो. जाड माती उष्णता रोखत नाही, ती उष्णता पिऊन बसते. जळण्याची जागा तापायलाच वेळ लागतो आणि तोवर धूर होत राहतो. उष्णता रोखतात ते हलके, सच्छिद्र पदार्थ. उदाहरणार्थ राख किंवा सच्छिद्र विटा. १९८० च्या दशकात अमेरिकेतील ओरेगॉनमध्ये लॅरी विनियार्स्की यांनी मांडलेली 'रॉकेट' चूल याच तत्त्वावर आहे. इंग्रजी एल अक्षरासारखी तिची नळी असते. आडव्या भागात सरपण, उभ्या तप्त भागात वायूंना जळायला वेळ, आणि त्यानंतर भांडे.

२. जाळी. लाकडाखाली जाळी असेल तर हवा खालून येते आणि निखारे राखेत बुजत नाहीत. घरच्या पाणी तापवायच्या बंबाला खाली जाळी का असते, हे आता तुमच्या ध्यानात आले असेल.

३. वरची हवा. काही चुलींत कडेच्या छिद्रांतून तापलेली हवा वायूंमध्ये सोडतात, काहींत छोटा पंखा असतो. आपली फुंकणी हेच काम करते, फक्त तिला फुप्फुसे आपली लागतात. पंख्याची चूल घ्यायची तर वीज गेल्यावर आणि पंखा बिघडल्यावर काय, हे आधी विचारा.

४. भांडे. जाळ पूर्ण होईल इतके अंतर भांड्याखाली हवे. त्यानंतर तप्त वायू भांड्याला घासून जातील अशी फट हवी. ती इतकी अरुंद नको की ओढच थांबेल. आम्ही नंतर एक तयार चूल आणली. पाणी तापवायला ती उत्तम होती, पण तिचे तोंड लहान. भाकरी मध्ये करपायची आणि कडेला कच्ची राहायची. चार दिवसांत आई जुन्या चुलीकडे परतली. तेव्हा चूल पाहायला जाताना घरचा तवा बरोबर न्या!

५. सरपण. ओल्या लाकडावर कोणतीही चूल धूरच करील. लाकडातील प्रत्येक किलो पाण्याची वाफ करायला सुमारे २.६ मेगाज्यूल उष्णता खर्ची पडते आणि जाळ थंड होतो. लाकूड फोडून पावसाळ्याआधी वाळवून ठेवा आणि बारीक करून थोडे थोडे सारा.

मानकातील आकडे

लाकडाच्या चुलींसाठी भारतीय मानक ब्यूरोचे मानक आहे : आयएस १३१५२ (भाग १). त्याच्या २०१३ च्या आवृत्तीत पंख्याविना चालणाऱ्या चुलीची एकूण कार्यक्षमता किमान २५ टक्के आणि पंख्याच्या चुलीची किमान ३५ टक्के हवी असे म्हटले आहे. पण तेवढ्यावर मानक थांबत नाही. भांड्यात जाणाऱ्या प्रत्येक मेगाज्यूलमागे कार्बन मोनॉक्साइड ५ ग्रॅमपेक्षा अधिक नको. धुराचे कण पहिल्या प्रकारात ३५० आणि दुसऱ्या प्रकारात १५० मिलिग्रॅमपेक्षा अधिक नकोत. दोन्ही कार्यक्षमतांची दखल येथे घेतली आहे. दुकानदाराला "लाकूड किती वाचेल?" एवढेच विचारू नका, कणांचा आकडाही विचारा.

आता या आकड्याचा अर्थ पाहू. ३ मेगाज्यूलच्या स्वयंपाकाला पहिल्या प्रकारच्या चुलीतून जास्तीत जास्त १०५० मिलिग्रॅम, म्हणजे सुमारे १ ग्रॅम कण निघतील. चार मीटर लांब, चार मीटर रुंद आणि अडीच मीटर उंच स्वयंपाकघरात ४० घनमीटर हवा असते. सर्व कण तेथेच कोंडले तर दर घनमीटरला २५,००० मायक्रोग्रॅम! जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये सूक्ष्म कणांसाठी चोवीस तासांच्या सरासरीची सुचवलेली मर्यादा १५ मायक्रोग्रॅम आहे. खऱ्या घरात हवा खेळती असते, त्यामुळे प्रत्यक्ष आकडा बराच खाली येतो. तरी मानकात उत्तीर्ण झालेल्या चुलीलाही धुरांडे, खिडकी किंवा मोकळी पडवी हवीच, हे यावरून कळते. याच संघटनेच्या अंदाजाप्रमाणे घरातील धुरामुळे २०२० साली जगात सुमारे ३२ लाख मृत्यू झाले. म्हणून स्पष्ट सांगतो : गॅस किंवा विजेची शेगडी परवडत असेल तेथे धुराच्या दृष्टीने तीच सरस. जे काम लाकडावरच होणार आहे, त्यासाठी चूल नीट निवडायची.

करून पाहा

हा प्रयोग मोकळ्या जागेत, शिक्षक किंवा घरातील मोठ्या माणसाबरोबर करा. वाळलेले सरपण तोला. पातेल्यात ३ लिटर पाणी घेऊन तापमान मोजा. चूल पेटवा आणि पाणी ९५ अंशांवर आले की थांबा. उरलेले सरपण विझवून, वाळल्यावर तोला. पाणी २५ अंशांचे असेल तर त्याला ३ × ४.२ × ७० = ८८२ किलोज्यूल मिळाले. जळालेल्या प्रत्येक किलो सरपणामागे १५,००० किलोज्यूल धरून एकूण कार्यक्षमता काढा. त्याच वेळी धूर बाहेर पडतो तेथे चिमट्याने एक पांढरी फरशी दोन मिनिटे धरा. दोन-तीन चुलींवर हे करून फरश्या शेजारी शेजारी ठेवा आणि प्रत्येकीवर कार्यक्षमतेचा आकडा लिहा. सर्वांत मोठा आकडा आणि सर्वांत पांढरी फरशी एकाच चुलीची आहे का?

आमच्या घरी आता पडवीत रुंद तोंडाची, जाळीची आणि हलक्या विटांचे अस्तर असलेली चूल आहे. माझ्या वीतभर भिंतींच्या चुलीइतके सरपण ती वाचवत नाही. पण आई आता भाकऱ्या थापताना डोळे पुसत नाही. तुम्हीही चूल निवडाल तेव्हा तराजूबरोबर तिच्यासमोर रोज बसणाऱ्या व्यक्तीलाही विचारा.