मिलिअँपिअरवर जाऊ नका

शेवटचा पेशंट बाहेर पडला की आमचं, म्हणजे मेडिकल फिजिसिस्ट मंडळींचं, काम सुरू होतं. सीटीच्या टेबलावर माणसाऐवजी अ‍ॅक्रिलिकची पारदर्शक चकती येते: व्यास 32 सेंटिमीटर, जाडी 15, वजन चौदा किलोच्या आसपास. जात्यासारखी जड, उचलताना कंबर सांभाळायची. हा फँटम, म्हणजे माणसाच्या धडाचा बदली. त्याला पाच भोकं असतात, एक मधोमध आणि चार कडेने. एका भोकात किरणं मोजणारा पेन्सिल चेंबर सरकवायचा, उरलेल्या चारांत अ‍ॅक्रिलिकचे दांडे बसवायचे. लेसरच्या रेषा खुणांवर बसेपर्यंत टेबल वर-खाली करत राहायचं. चकती केंद्रातून जराशी घसरली तरी कडेचे आकडे बिघडतात.

मग टेबल जागेवरच ठेवून एक्स-रे नळीची एकच फेरी. प्रत्येक भोकाचं रीडिंग घेऊन मधल्या आकड्याचा एक तृतीयांश आणि कडेच्या सरासरीचा दोन तृतीयांश मिळवायचा. समजा मध्ये 1.5 मिलीग्रे (किरणांच्या मात्रेचं एकक) आले आणि कडेला 3, तर उत्तर 2.5. त्याला पिचने, म्हणजे एका फेरीत टेबल किती सरकतं आणि किरणझोत किती रुंद आहे यांच्या गुणोत्तराने, भागलं की सीटीडीआय-व्हॉल, म्हणजे यंत्र देत असलेल्या मात्रेचा निर्देशांक, मिळतो. कन्सोलवर दिसणारा आकडा याच्याशी ताडून पाहायचा.

एवढा खटाटोप कशाला, सेटिंग वाचली की झालं, असं वाटेल. पण एका कंपनीच्या कन्सोलवर नळीतल्या प्रवाहाचे नुसते मिलिअँपिअर दिसतात, तर दुसरीच्या कन्सोलवरचे 40 एमएएस (मिलिअँपिअर-सेकंद) आधीच पिचने भागलेले असतात. त्यात फिल्टर निराळा, नळीपासून केंद्राचं अंतर निराळं. दोन्हीकडे 40 लिहिलेलं असलं, तरी मात्रा सारखी असेलच असं नाही.

अमेरिकेत 2002 मध्ये सुरू झालेल्या नॅशनल लंग स्क्रीनिंग ट्रायलपुढे हाच पेच होता. तेहेतीस केंद्रं, वेगवेगळ्या कंपन्यांची यंत्रं आणि सिगारेट ओढणारे किंवा सोडलेले 53 हजारांहून अधिक लोक. कमी मात्रेच्या सीटीमुळे फुप्फुसाच्या कॅन्सरचे मृत्यू, साध्या एक्स-रेच्या तुलनेत, 20 टक्क्यांनी घटले, हे 2011 मध्ये प्रसिद्ध झालं. तिथे सरासरी परिणामी मात्रा (इफेक्टिव्ह डोस) सुमारे 1.5 मिलिसिव्हर्ट होती. नेहमीच्या छातीच्या सीटीत ती कित्येक पट असते. फुप्फुसात हवाच हवा असल्याने गाठ उठून दिसते, म्हणून एवढ्यावर भागतं. मात्रा फारच उतरवली तर चित्र दाणेदार होतं आणि बारीक गाठ त्यात हरवते. नुसत्या कमी आकड्याची फुशारकी मला म्हणूनच पटत नाही.

अशा स्क्रीनिंगच्या सीटीडीआय-व्हॉलसाठी अमेरिकन कॉलेज ऑफ रेडिओलॉजीची मर्यादा 170 सेंटिमीटर उंच, 70 किलोच्या माणसासाठी 3 मिलीग्रे आहे. बारीक अंगाच्या माणसाला यापेक्षा कमी पुरतं, स्थूल माणसाला जास्त लागतं.

स्क्रीनिंगला येणाऱ्याला आजाराचं लक्षण नसतं आणि तपासणी दर वर्षी करायची असते. तेव्हा आपली किंवा घरच्यांची अशी तपासणी ठरली, तर ती कमी मात्रेच्या प्रोटोकॉलने होणार ना, हे आधी विचारा आणि नंतर डोस रिपोर्टवरचा सीटीडीआय-व्हॉल बघा. मिलिअँपिअरवर जाऊ नका.