डोंगल खोचायचं कुठे?

जुना डेस्कटॉप अडगळीत जातो तो दर वेळी बिघडून नव्हे. कॉम्प्युटरचं टेबल आतल्या खोलीत, राउटर दिवाणखान्यात, आणि मधून केबल ओढायला घरच्यांची तयारी नाही, एवढं कारणही पुरतं. मग कुणीतरी काहीशे रुपयांचं वायफाय डोंगल सुचवतं. ते आणून मागच्या यूएसबी पोर्टात खोचलं की नेट चालू होतं, पण रडतखडत. शेजारीच ठेवलेल्या मोबाइलवर व्हिडिओ सुरळीत चालतो आणि इथे नुसतं चक्र फिरत राहतं. डोंगलला शिव्या घालून महागडं आणलं, तरी फरक बेताचाच. कारण बऱ्याचदा दोष डोंगलचा नसतो, जागेचा असतो.

वायफायचा जुना पट्टा २.४ गिगाहर्ट्‌झचा. त्या लहरीची लांबी साधारण साडेबारा सेंटिमीटर भरते. ज्याला आपण सर्रास ‘सीपीयू’ म्हणतो तो पत्र्याचा डबा तिच्यापेक्षा तिप्पट-चौपट मोठा. त्यामुळे त्याच्या मागे रेडिओलहरींची चांगलीच सावली पडते. नखाएवढी अँटेना पोटात घेऊन डोंगल नेमकं त्या सावलीत बसतं. टेबलाखाली, भिंतीला खेटून, वायरींच्या गुंत्यात.

त्यात लहरी सरळ येत नाहीत. भिंतीवर, लोखंडी कपाटावर, खिडकीच्या गजांवर आपटून त्या वेगवेगळ्या वाटांनी पोचतात. कुठे दोन लहरी एकमेकींना बळ देतात, तर कुठे एकमेकींना खोडून टाकतात. असे उंचवटे आणि खड्डे खोलीभर पसरलेले असतात आणि त्यांच्यातलं अंतर बरेचदा अर्ध्या लहरीच्या आसपास, म्हणजे सहा सेंटिमीटर. म्हणून डोंगल चार बोटं सरकवलं तरी रेंजच्या कांड्या वाढतात. यात जादू काही नाही, आपण खड्ड्यातून बाहेर आलेलो असतो, एवढंच.

हे उशिरा येणारे प्रतिध्वनी वायफायच्या जन्माआधीपासूनची डोकेदुखी होती. एका अक्षराचा प्रतिध्वनी पुढच्या अक्षरावर येऊन पडला की सगळाच गोंधळ. ऑस्ट्रेलियातल्या सीएसआयआरओ या सरकारी संशोधन संस्थेत जॉन ओ’सुलिवन आणि सहकाऱ्यांनी यावर तोडगा काढला, त्याचं अमेरिकी पेटंट १९९६ सालचं. ओ’सुलिवन मूळचे रेडिओ-खगोलशास्त्राचे. फुटणाऱ्या छोट्या कृष्णविवरांचे रेडिओ-स्पंद शोधण्याच्या खटाटोपात ते आधी होते. ते स्पंद काही हाती लागले नाहीत, पण विस्कटलेला संकेत गणिताने सावरण्याची विद्या हाताशी राहिली. माहिती एकाच वेगवान धारेत न पाठवता अनेक संथ धारांत वाटायची आणि दोन अक्षरांमध्ये थोडी उसंत ठेवायची, ही पद्धत वायफायमध्ये रुळली. ५४ मेगाबिटवाल्या जुन्या वायफायमध्ये ही उसंत ०.८ मायक्रोसेकंदाची आहे. तेवढ्यात रेडिओलहर २४० मीटर जाते. आपल्या दोन-तीन खोल्यांतले प्रतिध्वनी तोवर विरून गेलेले असतात.

गोंगाटाला मात्र हा उपाय पुरत नाही. २.४ गिगाहर्ट्‌झचा पट्टा भारतात २००५ पासून विनापरवाना वापरासाठी मोकळा आहे, त्यामुळे शेजाऱ्यांचे राउटर, ब्लूटूथ, मायक्रोवेव्ह ओव्हन अशी सगळी गर्दी तिथेच. आणि एक चोर घरातला: निळ्या रंगाचं यूएसबी ३ पोर्ट. त्यातून माहिती वाहताना होणारा विद्युत गोंगाट नेमका याच पट्ट्यात पसरतो, हे इंटेलने २०१२ मध्ये मोजून दाखवलं. निळ्या पोर्टाला बाहेरची हार्ड डिस्क आणि तिच्या शेजारी डोंगल, ही जोडी टाळलेलीच बरी.

माझं मत विचाराल तर पहिला खर्च यूएसबीच्या एक्स्टेंशन केबलवर करावा. मीटरभर पुरते. डोंगल टेबलावर आणायचं, मॉनिटरच्याही वर ठेवता आलं तर उत्तम. एवढ्याने भागलं नाही तर ५ गिगाहर्ट्‌झचं डोंगल घ्यावं. तिथे गर्दी कमी, मात्र त्या लहरी भिंतीपुढे लवकर दमतात. जुन्या मशीनला यूएसबी २ असेल तर वेगाची कमाल ४८० मेगाबिट, तीही कागदावरची. आतल्या छोट्या पीसीआय एक्स्प्रेस स्लॉटमध्ये कार्ड बसवलं तर ही अडचण जाते. पण त्याच्या अँटेना थेट मागच्या पत्र्यावर स्क्रू केल्या तर पुन्हा तीच सावली, म्हणून वायरवरची, चुंबकाच्या बैठकीची अँटेना बघावी. कार्डात ब्लूटूथही असेल तर त्याची बारीक वायर मदरबोर्डच्या यूएसबी पिनांना जोडावी लागते. ती पुष्कळदा खोक्यातच राहून जाते आणि ब्लूटूथ दिसत नाही म्हणून कार्ड परत केलं जातं.

उरला ड्रायव्हर. तो नेटवरून घ्यायचा आणि नेट तर त्याच्यावाचून चालू होत नाही. जुन्या मशीनला सीडी ड्राइव्ह असला तरी तो सहसा उघडत नाही. अशा वेळी अँड्रॉइड फोन चार्जिंगच्या केबलने, डेटा जाणारी असेल तर, कॉम्प्युटरला जोडावा आणि सेटिंगमध्ये यूएसबी टेदरिंग चालू करावं. फोन घरचं वायफाय घेऊन केबलमधून पुढे देतो, मोबाइल डेटा खर्च होत नाही. विंडोज १० किंवा लिनक्स त्याला बहुधा आपणहून ओळखतात. ड्रायव्हर उतरला की फोन मोकळा. ज्यांना महिन्यातून दोनदा वीजबिल भरायचं नि एखादी पत्रिका छापायची, त्यांनी डोंगल नाहीच आणलं तरी चालेल.