ऑनलाइन भूमिकाखेळ
संगणकांच्या जाळ्यावरून अनेकांनी एकाच काल्पनिक जगात निरनिराळ्या पात्रांच्या भूमिका घेऊन खेळावयाचा खेळ. ‘मड’ हा आजच्या अशा खेळांचा एक प्रमुख पूर्वज होय. इंग्लंडमधील एसेक्स विद्यापीठात रॉय ट्रबशॉ यांनी १९७८ मध्ये तो रचण्यास प्रारंभ केला. पुढे रिचर्ड बार्टल यांनी त्याचा विस्तार केला. त्यात चित्रे नव्हती. स्थळवर्णने व आज्ञा केवळ शब्दांत असत. तरीही खेळाडू त्यात रंगून जात. याचे कारण समोरचे पात्र जिवंत माणूस चालवीत असे आणि प्रत्येक कृतीचे परिणाम भोगावे लागत. लढाईत मारले गेलेले पात्र कायमचे नष्ट होई.

बार्टल यांनी १९९६ मध्ये खेळाडूंचे चार प्रकार मांडले : यश मिळविणारे, शोध घेणारे, स्नेह जोडणारे व इतरांवर कुरघोडी करणारे. त्यांचा तोल राखणे हे रचनाकाराचे मुख्य कार्य असते. कुरघोडी करणारे फार वाढल्यास स्नेह जोडणारे खेळ सोडून जातात. आणि माणसांवाचून ओस पडलेले जग कितीही देखणे असले, तरी त्यात कोणी रमत नाही.