'ध'चा 'मा' कोणी केला? बाविसाव्या स्तोत्रातील एका अक्षराचे कोडे

झावळ्यांच्या रविवारी पवित्र मिस्सामध्ये पहिल्या वाचनानंतर बाविसाव्या स्तोत्रातील ओळी म्हटल्या जातात. छळ सोसणारा एक नीतिमान मनुष्य त्यात देवाचा धावा करतो. शत्रूंनी आपले हात-पाय विंधले, असे तो सांगतो आणि भाविकांच्या डोळ्यांपुढे क्रूसावरील प्रभू येशू उभा राहतो. परंतु ज्यू धर्मीयांनी केलेले भाषांतर उघडले तर तेथे 'विंधले' हा शब्द आढळत नाही. तेथे सिंह आढळतो. १९८९ साली निघालेल्या एका प्रसिद्ध इंग्रजी ख्रिस्ती भाषांतरात तर हात-पाय सुकून गेले, असा अर्थ दिला आहे. अशा वेळी भाविकाच्या मनात शंका येणे स्वाभाविक आहे. देवाचा शब्द एकच असताना हे तीन अर्थ कोठून आले? कोणी मुद्दाम फेरफार तर केला नाही ना?

मूळ अडचण काय आहे?

जुन्या करारातील बहुतेक ग्रंथ हिब्रू भाषेत लिहिले गेले. प्राचीन हिब्रू लेखनात प्रामुख्याने व्यंजनेच लिहीत असत. स्वर वाचकाने परंपरेने जाणायचे असत. स्वर दाखविणाऱ्या खुणा 'मसोरा' परंपरेच्या ज्यू विद्वानांनी साधारणतः सातव्या ते दहाव्या शतकाच्या दरम्यान घातल्या. जुने मोडी कागद पाहिलेल्यांना ही अडचण लवकर उमगेल. मोडीतही ऱ्हस्व-दीर्घाचा भेद दाखवीत नसत, शब्द सलग लिहीत असत आणि वाचकाला संदर्भावरून अर्थ लावावा लागत असे.

आपल्या ओळीत वादाचा शब्द चार अक्षरांचा आहे. मसोरा प्रतींपैकी बहुतेकांत त्याचे शेवटचे अक्षर 'योद' आहे. त्यामुळे शब्द होतो 'काअरी', म्हणजे 'सिंहासारखे'. यशयाच्या ग्रंथात अडतिसाव्या अध्यायात हाच शब्द याच अर्थाने येतो. परंतु येथे तो घेतला तर 'सिंहासारखे माझे हात आणि माझे पाय' एवढेच शब्द उरतात, क्रियापद उरत नाही. अकराव्या शतकातील थोर ज्यू भाष्यकार राशी यांनी जणू सिंहाच्या जबड्यात चिरडलेले हात-पाय, असा अर्थ लावला.

शेवटचे अक्षर 'वाव' मानले तर शब्द होतो 'काअरू' आणि वाक्याला क्रियापद मिळते. 'योद' आणि 'वाव' यांच्यात फरक असतो तो केवळ उभ्या रेघेच्या लांबीचा. घाईत लिहिलेला 'घ' आपण 'ध' वाचतो, तसाच हा प्रकार आहे.

ग्रीक भाषांतर आणि गुहेतील तुकडा

प्रभू येशूच्या जन्मापूर्वीच ज्यू विद्वानांनी स्तोत्रांचे ग्रीक भाषांतर केले होते. 'सेप्तुआजिंत' या नावाने ते ओळखले जाते. त्यात या ठिकाणी 'त्यांनी खणले' या अर्थाचे क्रियापद आहे. 'विंधले' हे भाषांतर त्यावरूनच रूढ झाले. म्हणजे हा अर्थ ख्रिस्ती लोकांनी मागाहून घुसडला, असे म्हणता येत नाही.

विसाव्या शतकात मृत समुद्राजवळील नहाल हेव्हेर येथून स्तोत्रांच्या एका प्राचीन गुंडाळीचे तुकडे मिळाले. अभ्यासक त्यांचा काळ इसवी सनाच्या पहिल्या शतकाचा उत्तरार्ध मानतात. त्यांतील या ओळीचे अक्षर अस्पष्ट असले तरी बहुतेक तज्ज्ञ ते 'वाव' वाचतात. गंमत अशी की, याच तुकड्यात पुढच्याच शब्दात 'माझे हात' याऐवजी 'तिचे हात' असे लिहिले गेले आहे! नकलकार कितीही श्रद्धाळू असला तरी माणूसच असतो.

मात्र तेवढ्याने कोडे संपूर्ण सुटत नाही. 'खणणे' या हिब्रू धातूत मधले 'अलेफ' हे अक्षर नसते. म्हणून काही विद्वान 'बांधले' किंवा 'सुकले' असे अन्य अर्थ सुचवितात.

कोणावर आरोप नको

नारायणराव पेशव्यांच्या १७७३ मधील वधाशी जोडलेली 'धरावे'चे 'मारावे' केल्याची कथा आपल्याला ठाऊक आहे. तसाच 'ध'चा 'मा' ज्यूंनी या स्तोत्रात जाणूनबुजून केला, असा आरोप मध्ययुगात काही ख्रिस्ती लेखकांनी केला. वस्तुस्थिती या आरोपाला आधार देत नाही. दोन सारख्या दिसणाऱ्या अक्षरांमुळे असा पाठभेद सहज निर्माण होतो. शिवाय 'खणले' हा अर्थ देणारे ग्रीक भाषांतरही ज्यूंचे आणि गुहेतील ती गुंडाळीही ज्यूंचीच! ज्या समाजाने हजारो वर्षे शास्त्राचे अक्षर न् अक्षर जपले, त्याच्याविषयी कृतज्ञता बाळगणे हेच आपल्याला शोभते. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६५ साली ज्यू बांधवांविषयी परस्पर आदराची शिकवण दिली, हेही येथे स्मरावे.

आपली श्रद्धा एका अक्षरावर उभी नाही

एक गोष्ट आवर्जून ध्यानात घ्यावी. मत्तय आणि मार्क यांनी क्रूसावरील प्रभूच्या मुखी याच स्तोत्राचा आरंभ दिला आहे. वस्त्रांच्या वाटणीचा प्रसंग सांगताना योहानाने याच स्तोत्राचा दाखला दिला आहे. परंतु हात-पायांची ही ओळ नव्या करारात कोठेही उद्धृत केलेली नाही. प्रभूच्या हातांतील खिळ्यांच्या जखमा आपल्याला ठाऊक आहेत त्या पुनरुत्थित प्रभूला भेटलेल्या प्रेषितांच्या साक्षीवरून. थोमाचा प्रसंग आठवावा. पाठभेदामुळे ही साक्ष तसूभरही डळमळत नाही.

म्हणूनच ख्रिस्तसभा अशा अभ्यासाला भीत नाही. पोप बारावे पायस यांनी ३० सप्टेंबर १९४३ रोजी, संत जेरोम यांच्या सणादिवशी, विद्वानांना मूळ भाषांकडे वळण्याचे आवाहन केले. शास्त्राची भाषांतरे विशेषतः मूळ भाषांतून व्हावीत, असे व्हॅटिकन परिषदेनेही सांगितले. आपल्या मराठीत पंडिता रमाबाईंनी त्यासाठी हिब्रू आणि ग्रीक भाषांचा अभ्यास केला व आयुष्याची अखेरची वर्षे बायबलच्या भाषांतराला वाहिली.

तेव्हा दोन बायबलांत फरक दिसला तर गोंधळून जाऊ नये आणि वादही घालू नये. प्रथम तळटीप पाहावी. मग तो उतारा संपूर्ण वाचावा. बाविसावे स्तोत्र आक्रोशाने सुरू होते, पण संपते ते देवाच्या स्तुतीने. देवाने दीनाच्या दुःखाकडे पाठ फिरविली नाही, हा त्याचा निर्वाळा आहे आणि त्यात कोणताही पाठभेद नाही. यंदाच्या पवित्र आठवड्यात हे स्तोत्र अखेरपर्यंत वाचावे, ही विनंती.