३० मिलिअँपिअर

भातसा धरणाच्या पायथ्याशी १५ मेगावॉटचं जलविद्युत केंद्र आहे. धरणातून सुटलेलं पाणी नदीनं पिसे बंधाऱ्यापर्यंत जातं आणि तिथून मुंबईला. एवढं सगळं उशाशी असून शहापूर तालुक्यातले कितीतरी पाडे उन्हाळ्यात टँकरकडे डोळे लावून बसतात. त्याच पाड्यांवरची पोरं जिथे वीज शिकतात, त्या एका आयटीआयच्या वर्कशॉपमध्ये गेले. तिथले इलेक्ट्रिशियन ट्रेडचे सर पोरांना आधी घाबरायला शिकवतात, असं ऐकलं होतं.

शिरताशिरताच जळक्या वार्निशचा वास आला. टेबलावर भेंडीच्या मळ्यातली पाच एचपीची मोटार उघडून ठेवलेली. एक फेज गेली, मोटार नुसती घुमत राहिली, उरलेल्या दोन फेजांवर जादा करंट ओढला गेला, वाइंडिंग काळं ठिक्कर. सर प्रत्येकाला वाकून हुंगायला लावतात. "हा वास ध्यानात ठेव. शेतकऱ्याचे पैसे जळालेत."

फळ्याच्या कोपऱ्यात ३० मिलिअँपिअर असं लिहिलेलं. ते पुसायचं नाही. "साठ वॉटचा बल्ब किती घेतो?" भागाकार झाला : साधारण २६०. "म्हणजे त्याच्या नवव्या हिश्शात माणूस जाऊ शकतो. एमसीबी वाचवेल?" एक जण हो म्हणाला. "सोळा अँपिअरची एमसीबी तुला ओळखतसुद्धा नाही रे! ती वायर वाचवते. माणसासाठी आरसीसीबी. एवढा करंट गळला की ती वीज तोडते. ३० मिलिअँपिअर!"

जोड, जिन्याची वायरिंग, कोळसा-मीठ घालून अर्थिंग, हे सगळं अभ्यासक्रमाप्रमाणे होतंच. मी मात्र एका पोराच्या टेस्ट लॅम्पकडे बघत राहिले. मेन स्विच पाडून त्यानं लॅम्प आधी शेजारच्या बोर्डावरच्या चालू सॉकेटला लावला, मग बंद केलेल्या वायरीला, मग पुन्हा चालू सॉकेटला. दिवा पेटला, विझला, पेटला. लॅम्पच गेलेला असेल तर जिवंत वायरही मेलेलीच दिसणार ना! मधली पायरी सगळेच करतात. सरांचा जीव पहिल्या आणि तिसऱ्या पायरीत अडकलेला. थिअरीची परीक्षा संगणकावर, चार पर्यायांची. तिच्यात ही तिसरी पायरी कुठे दिसणार?

गणपतीत गावोगावच्या मंडपांची लायटिंग याच पोरांकडे असते. आरसीसीबीला मंडळं पैसे सोडत नाहीत. गेल्या वर्षी दोघांनी मजुरीतून ती घेतली आणि मंडप सुटल्यावर काढून घरच्या बोर्डात बसवली.